हिंदी महासागराची तापमानवाढ : नोंदी, प्रारूपे आणि दीर्घकालीन कलाची ओळख

प्रस्तावना

हिंदी महासागर तापत आहे, हे विधान गेल्या दोन दशकांत भूगोल, पर्यावरणशास्त्र आणि कृषी-अर्थशास्त्र या विषयांच्या लेखनात चांगलेच रुळले आहे. त्याच्या सोबतीला बहुधा १.२ अंश सेल्सियस हा आकडा येतो. वस्तुतः हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेला असून त्याचे दोन अर्थ आहेत. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार १९०१ ते २०१२ या ११२ वर्षांत पश्चिम हिंदी महासागराचे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील पृष्ठतापमान एकूण १.२ अंशांनी वाढले. याच अभ्यासगटाच्या पुढाकाराने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथ-प्रकरणात १.२ हा आकडा पुन्हा आढळतो. परंतु तेथे तो संपूर्ण उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा, १९५० ते २०२० या काळातील, शतकास १.२ अंश असा वेग आहे. या वेगाने सत्तर वर्षांत प्रत्यक्ष वाढ सुमारे ०.८४ अंशांची होते. या दोहोंच्या मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा हवामान बदलाविषयीचा अहवाल आहे. तो याच संस्थेत संपादित झाला असून, त्यात १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर सरासरी १ अंशाने, तर जगातील समुद्रपृष्ठ सरासरी ०.७ अंशाने तापल्याचे नमूद आहे.

हे तीनही आकडे आपापल्या जागी ग्राह्य आहेत. त्यांच्यातील फरक क्षेत्र, ऋतू, कालखंड आणि वापरलेला विदासंच यांमुळे पडतो. येथे भाषेचाही एक सापळा आहे. मूळ निबंधातील इंग्रजी ‘समर’चे भाषांतर ‘उन्हाळा’ असे केले की मराठी वाचकापुढे एप्रिल-मे उभे राहतात. निबंधातील ऋतू मात्र आपल्या पावसाळ्याचा आहे. त्या ऋतूत सोमालियाच्या किनाऱ्यालगत तळचे थंड पाणी वर येते आणि समुद्र एरवी निवतो. तापमानवाढ नेमकी त्याच ऋतूत तपासली गेली, हे लक्षात न घेता आकडा उद्धृत केला तर त्याचा अर्धा आशय गळून पडतो.

असे आकडे कोणत्याही एका तापमापकावरून वाचलेले नसतात. शंभराहून अधिक वर्षे हजारो जहाजांवर, निरनिराळ्या साधनांनी, निरनिराळ्या शिस्तीने घेतलेल्या नोंदींमधून साधनांचा इतिहास वजा करावा लागतो. उरलेल्या बदलातून निसर्गाचे स्वतःचे चढउतार वेगळे करावे लागतात. आणि त्यानंतरच दीर्घकालीन कलाविषयी काही म्हणता येते. ही प्रक्रिया समजून घेतल्यास कोणता आकडा किती भक्कम आहे, याचा अंदाज वाचकाला स्वतः करता येतो.

जहाजांवरील नोंदी आणि त्यांतील दोष

समुद्रावरील हवामान-नोंदींना आंतरराष्ट्रीय शिस्त लागली ती १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेपासून. अमेरिकन नौदलातील अधिकारी मॅथ्यू माॅरी यांच्या आग्रहाने भरलेल्या या परिषदेत सागरी राष्ट्रांनी जहाजावरील नोंदवहीचा समान नमुना स्वीकारला. वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, हवेचे आणि पाण्याचे तापमान या नोंदी नौकानयनाच्या सोयीसाठी होत्या. शंभर वर्षांनंतर कोणी त्यांतून अंशाच्या दशांशाएवढा बदल शोधील, अशी त्या वेळी कोणाची कल्पना असणे शक्य नव्हते.

या नोंदींशी पुण्याचा संबंध जुना आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि बाहेरचा चौकही त्याच नावाने ओळखला जातो. मुख्यालय १९४४ साली दिल्लीस गेले, परंतु हवामान-नोंदींचे काम पुण्यात राहिले आणि राष्ट्रीय विदा केंद्रही येथेच आहे. जागतिक हवामान संघटनेने १९६३ साली जगातील समुद्र आठ जबाबदार सदस्यांमध्ये वाटून दिले, तेव्हा त्यांत भारताचा समावेश होता. मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा बंदरांतील हवामान कार्यालयांमार्फत जहाजांच्या नोंदवह्या गोळा होऊन पुण्यास येत राहिल्या.

नोंदवहीतील ‘पाण्याचे तापमान’ या रकान्यात काय भरले जात असे? शिडाच्या जहाजांवर लाकडी बादली दोराने समुद्रात सोडून पाणी वर काढीत आणि त्यात तापमापक बुडवीत. पुढे लाकडाची जागा कॅनव्हासच्या बादलीने घेतली. कॅनव्हासमधून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याचे बाष्पीभवन होते आणि माठातले पाणी जसे निवते तसे बादलीतले पाणी निवते. बादली वर ओढायला आणि तापमापक स्थिर व्हायला लागणाऱ्या काही मिनिटांत तापमान अंशाच्या काही दशांशांनी उतरू शकते. उष्ण समुद्र आणि जोरदार वारा अशा स्थितीत ही घट अधिक असते. मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांतील अरबी समुद्र हे अशा स्थितीचे ठळक उदाहरण होय. जहाजे मोठी झाली, डेक उंच झाला, वेग वाढला, तसा हा दोषही बदलत गेला.

वाफेच्या व नंतर डिझेलच्या जहाजांवर दुसरी सोय झाली. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी नळीने आत ओढले जाते. त्याच नळीत तापमापक बसविला की बादली सोडण्याचा खटाटोप वाचतो. परंतु हे पाणी काही मीटर खोलीवरून येते आणि इंजिन-कक्षाच्या उष्णतेने किंचित तापते. म्हणजे एक पद्धत समुद्र आहे त्याहून थंड दाखविते, तर दुसरी उष्ण. एका पद्धतीकडून दुसरीकडे झालेले स्थित्यंतर दुरुस्त केले नाही, तर समुद्र न तापताही कागदावर तापलेला दिसेल.

दुसऱ्या महायुद्धाने हा घोळ एकदम वाढविला. रात्री डेकवर दिवा लावणे धोक्याचे असल्याने बादल्या टाळल्या गेल्या. जानेवारी १९४२ ते ऑगस्ट १९४५ या काळातील उपलब्ध नोंदींपैकी सुमारे ८० टक्के अमेरिकन जहाजांच्या होत्या आणि त्यांत इंजिन-नळीची मोजणी प्रामुख्याने होती. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांचा वाटा सुमारे ५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या आसपास गेला. ती जहाजे बादली वापरीत. परिणामी १९४५ च्या उत्तरार्धात जगातील समुद्र अचानक सुमारे ०.३ अंशाने निवल्याचा आभास निर्माण झाला. डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या पायरीचा उलगडा केला. तोवर या घसरणीची नैसर्गिक कारणे शोधली जात होती. असाच एक प्रकार २०१९ साली उजेडात आला. १९३० च्या दशकातील काही जपानी जहाजांच्या नोंदी पुढे संगणकासाठी उतरवून घेताना दशांश चिन्हापुढचा अंक गाळला गेला होता, २७.९ चे २७ झाले होते. कारकुनाच्या सोयीची ही काटछाट उत्तर पॅसिफिकच्या इतिहासात थंडीची एक लाट होऊन बसली होती.

दोषांची दुरुस्ती अंदाजाने होत नाही. बादलीचा आकार, भिंतीची जाडी, वाऱ्याचा वेग आणि हवेतील आर्द्रता यांवरून उष्णता किती निघून जाईल याचे गणित ब्रिटनच्या हवामान कार्यालयातील ख्रिस फॉलंड आणि डेव्हिड पार्कर यांनी १९९५ साली सविस्तर मांडले. आजचे प्रमुख विदासंच अशाच दुरुस्त्यांवर उभे आहेत. त्यांच्या दुरुस्तीच्या पद्धती एकसारख्या नाहीत आणि म्हणूनच दोन विदासंचांत एकाच समुद्राचा कल थोडा वेगळा निघतो. एखादा शोधनिबंध वाचताना कोणता विदासंच वापरला, हा प्रश्न तांत्रिक तपशील समजून ओलांडून जाण्याजोगा नाही.

नोंदींचे भौगोलिक वाटपही असमान आहे. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर एडन, मुंबई, कोलंबो या मार्गांवर वाहतूक एकवटली. त्या पट्ट्यांत नोंदी दाट, तर विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण भागात विरळ आहेत. दोन्ही महायुद्धांच्या काळात त्या आणखी आटतात. नकाशावर सलग रंगविलेले १९१५ सालचे तापमान पाहताना, त्यातील बराचसा रंग शेजारच्या नोंदींवरून सांख्यिकीने भरलेला असतो, याचे भान ठेवावे लागते.

बोये, उपग्रह आणि आर्गो

अलीकडच्या काळात साधने सुधारली, तरी स्थित्यंतराचा प्रश्न सुटला नाही. पाण्यावर तरंगणारे स्वयंचलित बोये जहाजांपेक्षा सरासरीने सुमारे ०.१२ अंश कमी तापमान दाखवितात, कारण त्यांच्यात इंजिनाची ऊब नाही. जहाजांच्या नोंदींची जागा बोये घेऊ लागले, तसा हा फरक हिशेबात घेणे अपरिहार्य झाले. हिंदी महासागराच्या तापमानवाढीचा वेग दशकास साधारण ०.१२ अंश धरला, तर एक संपूर्ण दशकाची वाढ केवळ साधन बदलल्याने झाकली जाऊ शकते!

उपग्रहांवरील अवरक्त संवेदकांनी १९८१ पासून समुद्रपृष्ठाचे सलग चित्र मिळू लागले. परंतु अवरक्त किरण ढगांतून पार होत नाहीत आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत अरबी समुद्रावर ढगच असतात. पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ मध्ये उद्रेक झाला तेव्हा वातावरणातील धुळीमुळे उपग्रहांना समुद्र खऱ्याहून थंड दिसला. नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहावरील सूक्ष्मतरंग संवेदकाने ढगांची अडचण बऱ्याच अंशी दूर केली.

खरे परिवर्तन घडविले ते आर्गो तरंगकांनी. हा तरंगक सुमारे १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि तापमान व क्षारता मोजीत वर येऊन उपग्रहाला माहिती देतो. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील तरंगकांची संख्या ठरविलेल्या ३,००० वर पोहोचली. भारतात हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था हे काम पाहते. पृष्ठतापमान वारा-पावसाने चटकन बदलते, तर खोलवर साठलेली उष्णता सावकाश बदलते. पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रात जातो, त्यामुळे तापमानवाढीचा खरा हिशेब खोलीतच मांडावा लागतो. अडचण एवढीच की हा सुस्पष्ट हिशेब जेमतेम दोन दशकांचा आहे.

कल आणि चढउतार

दोन दशके पुरेशी का नाहीत, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या समुद्राचे वार्षिक तापमान दशकास ०.१२ अंशाने वाढत आहे आणि त्यावर दरवर्षीचे यादृच्छिक चढउतार आहेत, ज्यांचे प्रमाण विचलन ०.२ अंश आहे. दहा वर्षांच्या नोंदींवर सरळ रेषा बसविली, तर तिच्या उताराची प्रमाण त्रुटी दशकास सुमारे ०.२२ अंश येते. म्हणजे त्रुटी मूळ कलाच्या जवळजवळ दुप्पट. या नोंदींतून समुद्र निवत असल्याचेही ‘सिद्ध’ होऊ शकेल. तीस वर्षांच्या नोंदी घेतल्या तर त्रुटी ०.०४ वर येते आणि कल तिच्या जवळजवळ तिप्पट ठरतो. सत्तर वर्षांत ती ०.०१ च्या आसपास उतरते. त्रुटी कालावधीच्या दीडाव्या घाताने घटते, हे यामागचे गणित आहे.

प्रत्यक्षात स्थिती याहून कठीण असते. समुद्राला स्मृती आहे. यंदा उष्ण असलेला समुद्र पुढच्या वर्षीही उष्ण असण्याची शक्यता अधिक, त्यामुळे सत्तर वर्षांच्या नोंदी सत्तर स्वतंत्र नोंदी ठरत नाहीत. शिवाय काही चढउतार दशकानुदशके चालतात. पॅसिफिकमधील एल निनो दर काही वर्षांनी हिंदी महासागर तापवितो. १९९९ साली एन. एच. साजी आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील स्वतःची आंदोलने, म्हणजे ‘हिंदी महासागर द्विध्रुव’, जगापुढे मांडली. २००३ ते २०१२ या दशकात जगातील समुद्रांच्या वरच्या ७०० मीटरांत साठलेल्या उष्णतेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या हिंदी महासागरात आढळला. परंतु २०१५ च्या एका अभ्यासानुसार ती उष्णता मुख्यतः पॅसिफिकमधून इंडोनेशियाच्या सामुद्रधुन्यांवाटे वाहत आली होती. केवळ त्या दशकावरून हिंदी महासागराच्या भवितव्याचे भाकीत करणे धाडसाचे ठरले असते.

प्रारूपांचा उपयोग

कल खरा आहे असे ठरले, तरी तो कशामुळे आहे, हे नोंदी सांगत नाहीत. त्यासाठी दुसरी पृथ्वी हवी. ती नसल्याने संगणकीय प्रारूप वापरावे लागते. प्रथम हरितगृह वायूंचे प्रमाण न बदलता प्रारूप अनेक शतके चालवितात आणि समुद्र आपल्या आपण किती हेलकावतो, हे पाहतात. नंतर केवळ सूर्य व ज्वालामुखी यांचे बदल देऊन एक संच आणि मानवनिर्मित वायू व धूलिकणांसह दुसरा संच घेतात. प्रत्यक्ष नोंदींतला कल पहिल्या दोहोंच्या पल्ल्याबाहेर आणि तिसऱ्याच्या पल्ल्यात बसला, तर मानवी हस्तक्षेपाचा निष्कर्ष सबळ होतो.

या तर्काला गणिती रूप दिले ते जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी. १९७९ च्या निबंधात त्यांनी सुचविले की एका सरासरी आकड्याऐवजी बदलाचा संपूर्ण आकृतिबंध, म्हणजे कोठे अधिक, कोठे कमी, किती खोल, हा ठसा म्हणून शोधावा आणि ज्या दिशांनी नैसर्गिक गोंगाट मोठा आहे त्यांना कमी वजन द्यावे. २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. समुद्राबाबत ही पद्धत टिम बार्नेट यांच्या गटाने २००१ आणि २००५ मध्ये वापरली. उष्णता प्रत्येक महासागरात खोलीनुसार कशी उतरली, याची जुळणी त्यांनी तपासली. नैसर्गिक आंदोलने किंवा सूर्य व ज्वालामुखी यांनी तो आकृतिबंध जमत नव्हता. हरितगृह वायू धरल्यावर जमला. या युक्तिवादाचे बळ खोलीत आहे. पृष्ठभागावरील वाढीचे श्रेय एखाद्या आंदोलनाला देता येते, परंतु साऱ्या महासागरांत एकाच काळात वरून खाली झिरपत जाणारी उष्णता कोठून तरी यावीच लागते.

पुण्यात या कामासाठी २००९ साली हवामान बदल संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील पृथ्वी-प्रणाली प्रारूप मुळात हंगामी अंदाजासाठी तयार झालेल्या एका अमेरिकन प्रारूपावरून घडविलेले आहे. चार-सहा महिन्यांच्या अंदाजासाठी उत्तम असलेले प्रारूप शतकभर चालविले की त्यातील समुद्रपृष्ठ हळूहळू निवत जाई. समुद्राचा घटक बदलून आणि ऊर्जेचा ताळेबंद सुधारून ते दीर्घ पल्ल्यास योग्य केले गेले, आणि त्याची दुसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय प्रारूप-तुलना प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत सहभागी झाली. भारतातून असा सहभाग प्रथमच होत होता. २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक संस्थेत आले.

प्रारूपे म्हणजे निवाडा नव्हे, हे येथे स्पष्ट करायला हवे. अनेक आंतरराष्ट्रीय प्रारूपांत उत्तर अरबी समुद्र हिवाळ्यात व वसंतात प्रत्यक्षाहून थंड दिसतो. आरंभीच समुद्र थंड असलेल्या प्रारूपात त्यावरून येणाऱ्या बाष्पाचा, आणि पर्यायाने महाराष्ट्रातील पावसाचा, हिशेबही डळमळतो. प्रारूपांवरून तापमानवाढीची दिशा व कारण यांविषयी जेवढ्या विश्वासाने बोलता येते, तेवढ्या विश्वासाने एखाद्या जिल्ह्याच्या पावसाविषयी बोलता येत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, आणि क्वचित प्राध्यापकांच्याही निबंधांत, या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

पश्चिम भाग अधिक का तापला

२०१४ च्या निबंधातील महत्त्वाची गोष्ट १.२ हा आकडा नसून तुलना आहे. त्याच काळात मध्य व पूर्वेकडील उष्ण जलक्षेत्राची वाढ ०.७ अंश होती. म्हणजे मुळात थंड असलेला पश्चिम भाग पूर्वेच्या तुलनेत ०.५ अंश अधिक तापला आणि दोहोंतील दरी अरुंद झाली. याचे एक कारण त्या निबंधात असे दिले आहे की एल निनो पश्चिम हिंदी महासागर तापवितो, परंतु ला निना त्याला तितकाच निववीत नाही. एल निनोंचे प्रमाण व तीव्रता वाढली की जमेची बाजू साठत जाते. भूगोलही प्रतिकूल आहे. पॅसिफिक व अटलांटिक उत्तर ध्रुवाच्या दिशेने खुले आहेत. हिंदी महासागर मात्र उत्तरेस आशियाने अडविलेला आहे.

काही दशांश अंशांनी काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर २८ अंशांच्या उंबरठ्यात आहे. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ साली दाखवून दिले की समुद्रपृष्ठ सुमारे २८ अंशांच्या वर गेले की त्यावर उंच, संघटित मेघ निर्माण होण्याची शक्यता एकदम वाढते. केवळ तापमान पुरेसे नसते, हेही त्याच निबंधाने सांगितले. २९ वरून २९.५ वर जाणाऱ्या समुद्रापेक्षा २७.५ वरून २८.५ वर जाणारा समुद्र म्हणूनच अधिक लक्षवेधी ठरतो.

परिणामांविषयीच्या दाव्यांची स्थिती सारखी नाही. २०१५ साली कोल यांच्या गटाने मांडले की समुद्र तापल्याने जमीन व समुद्र यांतील तापमानाचा फरक घटला आणि मध्य-पूर्व व उत्तर भारतात पाऊस कमी झाला. २०१७ मध्ये चिनजियान जिन आणि चिएन वांग यांनी २००२ नंतर मोसमी पाऊस पुन्हा सावरल्याचे दाखविले. दोन्ही विधाने आपापल्या कालखंडापुरती खरी असू शकतात; समुद्राचा कल सलग असताना पावसाचा कल उलटला, यावरून पावसावर जमिनीचे तापणे, धूलिकण व पॅसिफिक यांचाही अंमल आहे, एवढे निश्चित होते. मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचा २०१७ चा निष्कर्ष त्यामानाने भक्कम आहे. कोकणच्या दृष्टीने चक्रीवादळांचा प्रश्न जवळचा. मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासात, १९८२ नंतरच्या पहिल्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या अनुभवांमुळे हा आकडा महाराष्ट्रात विशेष गाजला. तथापि अरबी समुद्रातील वादळांची मूळ संख्याच लहान असते, त्यामुळे टक्केवारी चटकन फुगते. आधीच्या गणिताप्रमाणे चार दशकांचा काळही तोकडा आहे.

१९०१ की १९५० ?

आरंभवर्षाचा प्रश्न अलीकडे नव्याने पुढे आला आहे. सेबास्टियन सिप्पेल आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली जमिनीवरील नोंदींवरून व समुद्रावरील नोंदींवरून जागतिक तापमानाची स्वतंत्र पुनर्रचना केली. १९०० ते १९३० या काळात समुद्राच्या नोंदी जमिनीच्या मानाने सरासरी ०.२६ अंश थंड निघाल्या. एवढी तफावत भौतिकदृष्ट्या संभवत नसल्याने, बादल्यांचा दोष त्या काळापुरता पुरेसा दुरुस्त झालेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पुण्यातील अभ्यासाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे अदमासाने काढता येते. ०.२६ अंश ही जागतिक सरासरी आहे. पश्चिम हिंदी महासागरात ती तेवढीच असेल असे नाही. पण ती तेवढीच आहे असे क्षणभर धरले, तर ११२ वर्षांच्या मालिकेतील पहिली ३० वर्षे तेवढी उचलल्यावर सरळ रेषेने निघणारी एकूण वाढ सुमारे ०.३ अंशाने कमी होते. म्हणजे १.२ ऐवजी ०.९ च्या जवळपास. मात्र उष्ण जलक्षेत्राच्या ०.७ मधूनही तेवढेच वजा होऊन ०.४ उरतात, आणि दोहोंतील ०.५ अंशाचा फरक, जो त्या निबंधाचा गाभा आहे, तसाच राहतो. दोष सर्वत्र सारखा असेल तोवरच हे खरे. पश्चिमेकडे पावसाळ्यात वारे अधिक जोराचे असल्याने तेथील बादल्या अधिक निवत असतील, तर या फरकालाही थोडी कात्री लागेल. १९५० नंतरच्या आकड्यांना या दुरुस्तीने धक्का लागत नाही. वर्गात किंवा निबंधात एकच आकडा द्यायचा असेल, तर १९५० पासूनचा देणे म्हणूनच सुरक्षित आहे.

या वादात नोंदवह्यांबाहेरचा एक साक्षीदार उपलब्ध आहे. प्रवाळ वर्षागणिक चुन्याचा थर चढवीत वाढतो आणि त्या थरातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार, तसेच काही अंशी क्षारतेनुसार, बदलते. सेशेल्समधील माहे बेटावरील प्रवाळाची १८४६ पासूनची मालिका १९९७ साली, तर केनियातील मालिंदीच्या प्रवाळाची १८०१ ते १९९४ अशी १९४ वर्षांची मालिका २००० साली प्रसिद्ध झाली. दोन्ही ठिकाणे पश्चिम हिंदी महासागरातच आहेत. प्रवाळाला बादली ठाऊक नाही, राष्ट्र बदलल्याने त्याची मोजण्याची पद्धत बदलत नाही आणि महायुद्धात त्याच्या नोंदी खंडित होत नाहीत. मात्र समुद्र फार तापला की प्रवाळ पांढरा पडून मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली तसे घडले, आणि मेलेल्या प्रवाळात त्यापुढचे थर चढत नाहीत.